वृद्धाश्रमातील छळाची तक्रार पुराव्याशिवाय करावी का?

प्रश्न
माझी मावशी एका वृद्धाश्रमात राहते. मागच्या भेटीत तिच्या दोन्ही दंडांवर, आतल्या बाजूला, बोटांच्या ठशांसारखे काळेनिळे वळ दिसले. तोल जाऊन पडल्या, असे व्यवस्थापक सांगतात; मावशी मात्र काहीच बोलत नाही आणि एक ठरावीक मदतनीस खोलीत आली की अंग चोरून बसते. आपण तक्रार केली तर आपल्या माघारी त्रास तिलाच होईल, या भीतीने घरातले सगळे गप्प आहेत. हाती ठोस पुरावा नसताना तक्रार करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
अवश्य करा. पुरावा शोधणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे. तक्रारीला रास्त संशय पुरेसा असतो. मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. पडलेल्या माणसाला मार लागतो तो बहुधा गुडघे, कोपर, कपाळ किंवा कमरेला. दोन्ही दंडांवर आतून उठलेले वळ पाहिले की कोणी घट्ट धरले असावे, अशी शंका आधी येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हलक्या दाबानेही वळ उठतात, म्हणून बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या. वळांशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि तारीख नोंदवा. त्या पडल्याची नोंद, वेळ आणि डॉक्टरांना कळवल्याच्या उल्लेखासह, नोंदवहीत आहे का, हेही विचारा.

प्रतिसाद २
आपली भीती रास्त आहे, पण छळ करणाऱ्याला बळ मिळते ते अशाच गप्प बसण्यातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार वृद्धांच्या छळाच्या 24 घटनांपैकी जेमतेम एकीची तक्रार होते. केवळ तोंडी बोलून थांबू नका. व्यवस्थापनाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, त्याची प्रत वृद्धाश्रमाला परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवा आणि चौकशी होईपर्यंत त्या मदतनीसाला मावशींच्या खोलीत पाठवू नये, अशी मागणी त्याच अर्जात करा. जिवाला धोका वाटला तर थेट पोलिसांकडे जा. मावशींशी एकांतात बोला. 'तिने मारले का?' असे न विचारता 'काय झाले?' एवढेच विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

प्रतिसाद ३
वरील सूचनांशी सहमत आहे. एक भर घालतो: रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती कर्मचारी असतात, हेही अर्जात विचारा. अपुऱ्या माणसांवर चालणाऱ्या ठिकाणी एका मदतनीसाला काढून प्रकरण मिटवले जाते आणि बाकीचे वृद्ध त्याच हलाखीत राहतात. भेटींच्या वेळाही बदलत्या ठेवा.