मदत हवी आहे: नोव्हेंबरात आईला घेऊन नीसला

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आठवडाभर आईला घेऊन फ्रान्समधल्या नीसला जातेय. आई 71 वर्षांची, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. तिला रोज समुद्र बघायचाय. पण तिथला किनारा वाळूचा नाही, गुळगुळीत गोट्यांचा. त्यावरून तिला चालवायची माझी हिंमत नाही. प्रोमेनादवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावरच्या, निळ्या खुर्च्यांवर ती तासन्‌तास बसेल. किल्ल्याच्या टेकडीला लिफ्ट आहे, ते बरं झालं. तिथला सोक्का हा पदार्थ म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं धिरडंच, वरून मिरपूड. म्हणजे खाण्याची निम्मी काळजी मिटली. खरी धास्ती पावसाची, तिकडे तो शरदातच जास्त पडतो. या दिवसांत कोणी राहिलंय का? जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांत घर घ्यावं की ट्रामजवळ? जवळच्या मेंतों गावाच्या ट्रेनला चढताना पायऱ्या उंच आहेत का?