मदत हवी आहे: युरोपीय संघातलं मतदान

मंडळी, मी जळगावचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. युरोपीय संघावर गाडी अडलीय. संसदेत जर्मनीला ९६ जागा, माल्टाला ६, इथवर ठीक. पण मंत्रिपरिषदेत (म्हणजे सदस्य देशांचे मंत्री बसतात तिथे) बहुतेक ठरावांना २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. अडवायला मात्र किमान ४ देश हवेत. बाबांच्या केळीच्या हिशोबवहीत मागच्या पानावर मांडून पाहिलं (बोलणी खाल्ली ती वेगळीच). जर्मनी, फ्रान्स, इटली तिघंच विरोधात गेले तर उरलेल्या २४ देशांची लोकसंख्या ६५ टक्के भरतच नाही. मग ठराव पडला की चौथा नाही म्हणून पास? आणि परराष्ट्र धोरणात एकटा माल्टाही विरोधात मत देऊन ठराव अडवू शकतो ना? कुणीतरी नीट समजावून सांगा.