स्टेनगन, कार्बाइन की सबमशीन गन?

मंडळी एक शंका आहे. दुसऱ्या महायुद्धावरचा एक लेख मराठीत करायलोय, त्यात सबमशीन गन (पिस्तुलाची गोळी सटासट झाडणारी हलकी बंदूक) हा शब्द सारखा येतो, मी सगळीकडं स्टेनगन टाकून दिलं, लहानपणापासून पेपरात तेच वाचलंय. पण आमचे काका राज्य राखीव दलात होते, सोलापूरजवळ सोरेगावला, ते म्हणाले गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला आमच्या खांद्याला असायची ती कार्बाइन, स्टेनगन कुठली बे! आता काय लिहू?

— काका बरोबर आहेत ओ. स्टेन ही एका ठराविक बंदुकीचं नाव, शेफर्ड आणि टर्पिन या दोघांची आद्याक्षरं आणि एनफिल्ड या बंदुकीच्या कारखान्याच्या नावातलं 'एन'. फ्रान्समधून डंकर्कला माघार घेताना इंग्रजांची हत्यारं मागंच राहिली, अमेरिकेची थॉम्पसन सबमशीन गन महाग पडायली, म्हणून 1941 मध्ये नळी न् पत्रा जोडून ही स्वस्तातली काढली. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, डाव्या बाजूला आडवं, 32 गोळ्यांचं, आणि तेच तिचं दुखणं, कारण दोन रांगेतल्या गोळ्या वर तोंडाशी एका रांगेत याव्या लागायच्या, जरा कचरा गेला किंवा मॅगझिनलाच धरून ओढलं की अडकली.

काकांकडं होती ती स्टर्लिंग असणार, तीही इंग्रजांचीच सबमशीन गन. जॉर्ज पॅचेटचं डिझाइन, ब्रिटिश लष्करानं 1953 ला घेतली, मॅगझिन बाकदार आणि 34 गोळ्यांचं, आत गोळ्या वर ढकलायला रोलर, त्यामुळं अडकणं बरंच कमी. बोल्टवर, म्हणजे आत मागंपुढं सरकणाऱ्या भागावर, तिरक्या कडा आहेत त्या घाण बाजूला सारतात, हे मला फार आवडतं. आपल्याकडं ती लायसन्सवर कानपूरला बनली. मॅगझिन हिचंही डावीकडंच, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला स्टेनच वाटणार, म्हणून डालडासारखं झालं, कुठलीही आखूड बंदूक म्हणजे स्टेनगन.

— पण कार्बाइन तरी कुठं बरोबर आहे? कार्बाइन म्हणजे मुळात घोडेस्वाराची आखूड रायफल, रायफलचीच गोळी. ही तर 9 एमएमची, पिस्तुलाची गोळी झाडते. जर्मन लोक सरळ मशीन पिस्तूल म्हणतात, मला तो शब्द जास्त पटतो.

— पटला तरी पोलीस लायनीत जाऊन मशीन पिस्तूल म्हणून बघा, कुणालाच कळणार नाही 😄 खात्यात नाव कार्बाइनच. अन् 'उपमशीनगन' कुणी सुचवू नका प्लीज, उपसरपंच वाटतंय.

— मूळ लेखात प्रसंग कुठला आहे पण?

— प्रागचा. 27 मे 1942, नाझी अधिकारी हायड्रिखची गाडी वळणावर हळू झाली, त्याला मारायला आलेल्या गाबचिकनं बंदूक रोखली आणि ती उडालीच नाही, मग त्याचा साथीदार कुबिशनं बॉम्ब टाकला, हायड्रिख 4 जूनला मेला.

— अहो मग ती खरोखरची स्टेनच की! तिथं स्टेनगनच ठेवा. बाकी जर्मन सैनिकांच्या हातात मात्र स्टेनगन देऊ नका, तिथं सबमशीन गन लिहा, वाचणाऱ्याला कळतंय.