ऑप्शन फॉर्म भरायचाय, सल्ला हवा

ए-२०३ संजय: नमस्कार मंडळी. ओंकारला सीईटीला ८८ पर्सेंटाइल आहेत. इंजिनीअरिंगच्या कॅपचा, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांचा, ऑप्शन फॉर्म शनिवारपर्यंत कन्फर्म करायचाय. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात मिळेल ती ब्रांच घ्यावी, की सांगलीकडच्या एका छोट्या कॉलेजात त्याला हवं ते इलेक्ट्रिकल? घरात दोन दिवस हाच विषय चाललाय.

बी-५०१ जोशी काका: पुणे सोडू नकोस रे. कंपन्या इथे येतात. तिकडे कॅम्पसला कोण जाणार?

सी-१०४ वैशाली: संजयदादा, जरा मोठं लिहितेय, पण वाचा. माझी मुलगी मुक्ता अशाच एका तालुक्याच्या कॉलेजात आता शेवटच्या वर्षाला आहे. इलेक्ट्रिकलच. २०२२ ला फॉर्म भरताना मी अगदी रडकुंडीला आले होते. नातेवाईक म्हणायचे, पुण्यात राहून पोरीला गावाला कशाला पाठवता?

आम्ही दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन आलो. इथल्या एका मोठ्या कॉलेजात एसी सेमिनार हॉल दाखवला, कॅन्टीन दाखवलं. मशीन्स लॅब बघायची म्हटलं तर चावी शोधायला अर्धा तास गेला. आत ऑसिलोस्कोपवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. छोट्या कॉलेजाची इमारत साधीच, भिंतींना ओल आलेली. पण लॅबमध्ये चार मुलं मोटारीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करत होती, हात काळे झालेले. टेबलावरच्या रजिस्टरमध्ये शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती. ते रजिस्टर बघितलं आणि माझं ठरलं.

वर्गात ६० मुलं, सर प्रत्येकाला नावाने ओळखतात. दुसऱ्या वर्षी मुक्ताचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, राहिला, तेव्हा सरांनी स्वतः घरी फोन केला. मोठ्या ठिकाणी हे झालं असतं असं मला वाटत नाही. २०२४ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी ब्रांचच्या जागांवरची वरची मर्यादाच काढली, आता एकेका कॉलेजात कॉम्प्युटरच्या किती तुकड्या आहेत ते बघा.

काकांचं म्हणणंही खरं आहे. कॅम्पसला कंपन्या कमी येतात. इंटर्नशिप मुक्ताने स्वतः हिंडून मिळवली, कुपवाड एमआयडीसीत. मेसच्या जेवणाबद्दल अजून दर रविवारी तक्रार असते.

ए-२०३ संजय: ताई, तिथे गेल्यावर विचारायचं काय? ओपन हाउसला सगळं छानच दाखवतात.

सी-१०४ वैशाली: ओपन हाउसला जाऊच नका, कामाच्या दिवशी न सांगता जा. एनबीए, म्हणजे दर्जाची मान्यता, आहे का ते ब्रांचवार विचारा. नॅकचं मानांकन अख्ख्या कॉलेजला मिळतं, एनबीए त्या त्या ब्रांचला. इलेक्ट्रिकलचे कायमचे प्राध्यापक किती, ते नावानिशी विचारा. नियम २० मुलांमागे एक शिक्षक असा आहे. आणि चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला, ती खरं सांगतात.

डी-६०२ नीलिमा: फीचं काय? आमची सई पुढच्या वर्षी आहे.

सी-१०४ वैशाली: उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचा, पर्याय भरता येतो, फॉर्ममधल्या चॉइस कोडच्या शेवटी टी असतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून शंभर टक्के सवलत आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीला, उत्पन्नाची अट तीच. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. नीलिमा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागणार असेल तर आत्ताच काढून ठेव. आमची त्या दाखल्यासाठी फार धावपळ झाली होती.

बी-५०१ जोशी काका: संजय, फॉर्मचा क्रम मात्र विचारपूर्वक लाव. २०२५ च्या नियमाने पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांपैकी काहीही लागलं तरी तेच.

ए-२०३ संजय: म्हणजे इलेक्ट्रिकल वर टाकायचं, तर आधी डोळ्यांनी बघूनच.

बी-५०१ जोशी काका: हो. वैशालीने लॅबचं सांगितलं ते मला पटलं. आमच्या वेळी आम्ही नाव बघून गेलो होतो.

ए-२०३ संजय: उद्या पहाटे ५ ला निघतोय, ओंकारलाही घेतोय. ताई, मुक्ताचा नंबर पर्सनलवर पाठवाल का? त्याला तिच्याशीच बोलायचंय, मी मध्ये नकोय म्हणतो.

सी-१०४ वैशाली: पाठवला. ती जेवून फोन करेल.