मेडन कासलच्या खंदकाचं वय कसं ठरवतात?

प्रश्न (दादर): मेडन कासल म्हणजे इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा प्राचीन टेकडी-किल्ला. या टेकडीवर आता नुसतं गवत दिसतं. खडूच्या दगडातला खंदक कधी खोदला, हे कळतं कसं?

उत्तर (परळ): तळाचा थर बघा. थंडीत मऊ खडूतलं पाणी गोठतं, कडा फुटून ढासळतात, म्हणून पांढरा खडबडीत भराव थोड्याच वर्षांत साचतो. कार्बन-१४ साठी (हाड-शिंगासारख्या अवशेषांचं वय काढायची चाचणी) त्याच्याखालचं, थेट तळावरचं हरणाचं शिंग घ्यायचं. त्यानेच तर खोदत! वरच्या मातकट थरातलं हाड उचललंत तर तारीख शेकडो वर्षं पुढे सरकते.

उत्तर (मुलुंड): शिवाय इथे खंदक एकाच काळातले नाहीत. नवाश्मयुगीन आवार इ.स.पू. ३६००च्या आसपासचं, मोठी तटबंदी लोहयुगातली. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरांचे १९३४-३७चे छेद (थर दिसावेत म्हणून घेतलेले उभे काप) जरूर पाहा. थर वाचायची तीच शिस्त त्यांनी १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या उत्खननात आणली.