परदेशी शाळेशी पार्टनरशिप केली तर मुलं विषय घेतात का?

प्रश्न : विषय निवडायची वेळ आली की परकी भाषा आणि फिजिक्सला मुलंच उरत नाहीत. बाहेरच्या शाळेशी जोडून घेतलं तर फरक पडेल का हो?

उत्तर : पडतो, पण नुसत्या ट्रिपने नाही, दोन्हीकडे एकच काम द्या. ग्लोब प्रोग्रॅम या जगभरातल्या शाळांच्या पर्यावरण-उपक्रमात १९९५ पासून शाळा ढग, तापमान, मातीची मापं घेऊन ऑनलाइन डेटा टाकतात, मग आपला आकडा तिकडच्यापेक्षा वेगळा का यावरून मुलं जी हुज्जत घालतात ना, तिथेच गोडी लागते.

उत्तर : अगदी! आणि तिकडचा लॅब टेक्निशियन, दुभाषी व्हिडिओ कॉलवर आणा, दिवसभर नेमकं काय करता ते मुलांनाच विचारू द्या. हे विषय निवडायच्या आधी हं.

उत्तर : पैसे नसतील तर ऑनलाइन करा, युरोपात ई-ट्विनिंग हा शाळांना ऑनलाइन जोडणारा उपक्रम २००५ पासून तसाच चालतोय.