कॅरेक्टर अ‍ॅक्टर : हॅरी डीन स्टँटनला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा :

हॅरी डीन स्टँटन या अमेरिकन नटावर मोठा लेख लिहिते आहे. १९५०च्या दशकात टीव्हीवर सुरुवात केलेला हा माणूस २०१७ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी वारला, आणि त्या वर्षापर्यंत पडद्यावर होता. इंग्रजीत त्याची ओळख 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' (स्टार नव्हे, तर तऱ्हेतऱ्हेची माणसं पडद्यावर उभी करणारा नट) एवढ्यात उरकते. मी 'चरित्र अभिनेता' लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "कोणाकोणाच्या चरित्रपटात होता हा?" दुसरा शब्द हवा आहे. जाणकारांनी सुचवावा.

प्रतिसाद :

'सहायक अभिनेता' आहे की. पुरस्कारांच्या याद्यांत सगळीकडे तोच असतो, वाचकाला लगेच कळतो.

प्रतिसाद :

मैत्रिणीची शंका रास्त आहे. हिंदीत 'चरित्र' म्हणजे नाटक-सिनेमातलं पात्रसुद्धा. मराठीत आपण त्याला पात्र किंवा व्यक्तिरेखा म्हणतो आणि 'चरित्र' जीवनकथेसाठी राखून ठेवतो : आत्मचरित्र, चरित्रकार, चरित्रपट. त्यामुळे 'चरित्र अभिनेता' मराठी कानाला थेट चरित्रपटाकडे नेतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. हिंदी सिनेमामुळे 'चरित्र भूमिका' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नायकाची आई, करारी सासरे, कोर्टातले जज्ज येतात. ललिता पवार मूकपटांच्या काळात नायिका होत्या. चित्रीकरणात डोळ्याला इजा झाल्यावर त्या अशा भूमिकांकडे वळल्या आणि तिथे त्यांनी जे करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या 'वळल्या' या क्रियापदात तारुण्य किंवा नायकपण मागे पडल्याची सूचना असते. स्टँटन कुठूनही वळला नाही. 'गनस्मोक', 'रॉहाइड', 'बोनान्झा' या वेस्टर्न मालिकांत तो तिशीत होता तेव्हाही गुंड, भटके, घोडेचोर अशाच जातीची कामं करत होता. अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा आहे. पहिल्या दिवसापासून तोच करायचा, आणि शेवटपर्यंत तोच.

आता 'सहायक अभिनेता'बद्दल. हा शब्द भूमिकेचा आहे, माणसाचा नाही. ऑस्करमध्ये सहायक अभिनेत्याचा विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि पहिल्या पाच वर्षांत वॉल्टर ब्रेनन याने तो तीनदा जिंकला. ब्रेनन खरोखर कॅरेक्टर अ‍ॅक्टर होता, म्हणून दोन्ही शब्द एकच वाटू लागतात. पण तो विभाग त्या एका चित्रपटातली भूमिका मोजतो. उद्या एखाद्या मोठ्या नायकाने छोटं काम केलं तरी पुरस्कार त्यालाही मिळू शकतो, तेवढ्याने तो कॅरेक्टर अ‍ॅक्टर होत नाही.

उलट बाजूने पाहा. 'पॅरिस, टेक्सस' कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला तेव्हा, १९८४ मध्ये, स्टँटन ५७ वर्षांचा होता आणि त्या चित्रपटाचा नायक होता. वाळवंटातून चालत येणारा, सुरुवातीचा बराच वेळ एक शब्द न बोलणारा ट्रॅव्हिस. त्याच वर्षी एम. एमेट वॉल्श या दुसऱ्या अमेरिकन कॅरेक्टर अ‍ॅक्टरने 'ब्लड सिंपल'मधला घामट, खोटं हसणारा खाजगी डिटेक्टिव्ह केला, आणि स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या पहिल्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत त्याला प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दोघांनाही त्यानंतर कोणी 'स्टार' म्हटलं नाही. ते कॅरेक्टर अ‍ॅक्टरच राहिले. मग मुख्य भूमिका करणाऱ्याला 'सहायक' कसं म्हणायचं? 'दुय्यम' तर त्याहून वाईट, त्यात तुच्छता येते. समीक्षक रॉजर एबर्टने या दोघांच्या नावाने एक नियमच केला होता : ज्या चित्रपटात स्टँटन किंवा वॉल्श छोट्या भूमिकेत आहे तो पूर्णपणे वाईट असूच शकत नाही. पुढे त्याने अपवादही मान्य केले, पण नियम टिकला, कारण प्रेक्षकांचा अनुभव तोच होता.

शब्द शोधण्याआधी हे लोक नेमकं करतात काय ते पाहिलं पाहिजे. १९७८ चा 'स्ट्रेट टाइम' घ्या, त्यात दोघेही आहेत. वॉल्श पॅरोल अधिकारी, म्हणजे सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी आहे : वरून गोड, आतून सत्तेची चटक लागलेला. स्टँटन तुरुंगातून सुटून संसाराला लागलेला चोर आहे. घर आहे, बायको आहे, अंगणात पोहण्याचा तलाव आहे, मांस भाजणं चालू आहे. बायको जरा बाजूला जाते आणि तो जुन्या साथीदाराला हलक्या आवाजात विनवतो की मला इथून बाहेर काढ. त्या क्षणी या माणसाची सगळी मागची वर्षं कळतात. त्याच्या गतकाळाचं एकही दृश्य पटकथेत नाही, ते स्टँटनच्या डोळ्यांत आणि आवाजात आहे. ज्या नटाला चार मिनिटांत आख्खा माणूस उभा करता येतो, त्याच्यासाठी आपण शब्द शोधतो आहोत.

'एलियन'मधला ब्रेटही तसाच. अंतराळयानावरचा कामगार, जोडीदाराच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावून 'राइट' म्हणणारा, बोनसची चिंता करणारा. तो मांजर शोधायला जातो, वरून पाणी ठिबकतं, तो टोपी काढून चेहऱ्यावर ते पाणी घेत उभा राहतो. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला जाणवत असतं, आणि भीती एवढी लागते याचं कारण तोवर ब्रेट ओळखीचा झालेला असतो.

तेव्हा माझं मत 'व्यक्तिरेखा अभिनेता'.

विचारणा करणारी :

हे सगळं पटलं, विशेषतः भूमिका आणि माणूस हा फरक. पण 'व्यक्तिरेखा अभिनेता' पाठ्यपुस्तकी वाटतो. शिवाय व्यक्तिरेखा तर प्रत्येकच नट करतो.

प्रतिसाद :

मी 'वल्ली' शब्दाच्या जवळचं काही सुचवणार होतो. इंग्रजीत 'ही इज अ कॅरेक्टर' म्हणजे तऱ्हेवाईक माणूस, नमुना. कॅरेक्टर अ‍ॅक्टरमध्ये त्याचीही छटा आहे ना?

प्रतिसाद :

छटा आहे, पण ती पुढे केली तर अर्थ आकसतो. स्टँटनने तऱ्हेवाईक माणसं केली, तशी अगदी साधीही केली. 'प्रिटी इन पिंक'मधला बेकार, बायको सोडून गेलेला बाप साधाच आहे. 'बिग लव्ह' मालिका २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तो ८० च्या उंबरठ्यावर होता, आणि त्यात त्याने बहुपत्नी पंथाचा प्रमुख केला : मृदू बोलणारा आणि म्हणूनच भयंकर. त्याला वल्ली म्हणणं त्या पात्रावर अन्याय आहे. २०१७ च्या 'ट्विन पीक्स'मध्ये अपघातात मूल गेलेल्या आईजवळ जाऊन बसणारा म्हातारा त्याने केला आहे, त्या दृश्यात तऱ्हेवाईकपणाचा लवलेश नाही.

'व्यक्तिरेखा तर प्रत्येकच नट करतो' हा आक्षेप खरा आहे, पण तो इंग्रजी शब्दालाही लागू पडतो. कॅरेक्टर तिथेही प्रत्येकच नट करतो. फरक असा की नायकाकडे प्रेक्षक त्याच्यासाठी जातो, भूमिका कोणतीही असो. इथे नट मागे राहतो आणि माणूस पुढे येतो. म्हणूनच स्टँटनचा चेहरा लाखोंना माहीत होता आणि नाव त्यातल्या थोड्यांना. एके काळी तर श्रेयनामावलीत त्याचं नाव 'डीन स्टँटन' असं येई, कारण हॅरी स्टँटन नावाचा दुसरा नट होता.

प्रतिसाद :

बोलताना आपण 'कॅरेक्टर आर्टिस्ट' किंवा 'कॅरेक्टर रोल' सर्रास म्हणतो. नाटकवाल्यांच्या आणि सिनेमावाल्यांच्या तोंडी तेच आहे. ते का नको? फक्त 'कॅरेक्टर' एकटं सोडू नका. 'स्टँटनचं कॅरेक्टर' म्हटलं की मराठीत त्याच्या चालचलनाची चौकशी सुरू होते.

प्रतिसाद :

मान्य. लेखात पहिल्यांदा 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' देवनागरीतच लिहा, लगेच एका वाक्यात पेशा समजावून सांगा, आणि पुढे 'व्यक्तिरेखा अभिनेता' वापरा. चार परिच्छेदांत तो रुळेल. 'सहायक' शब्द फक्त विशिष्ट चित्रपटातल्या भूमिकेसाठी ठेवा. स्टँटनच्या बाबतीत हे सोयीचंही आहे, कारण त्याला ऑस्करचं नामांकन कधी मिळालं नाही, तेव्हा पुरस्काराच्या भाषेत त्याची ओळख करून देण्याचं कारणच उरत नाही.

उपयोगासाठी दोन वाक्यं देतो :

"'एलियन'मध्ये स्टँटनची भूमिका सहायक होती, 'पॅरिस, टेक्सस'मध्ये ती मुख्य होती."

"व्यक्तिरेखा अभिनेता म्हणून साठहून जास्त वर्षं काम केलेल्या स्टँटनचा 'लकी' हा चित्रपट तो गेल्यानंतर दोन आठवड्यांनी अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि त्यातही तोच नायक होता."

विचारणा करणारी :

दुसरं वाक्य लेखात जसंच्या तसं घेऊ का? आणि स्त्रियांसाठी 'व्यक्तिरेखा अभिनेत्री' चालेल ना? लेखात थेल्मा रिटर या अमेरिकन अभिनेत्रीचा उल्लेख आहे. ऑस्करची सहा नामांकनं, सगळी सहायक अभिनेत्री म्हणून.

प्रतिसाद :

जरूर घ्या. आणि हो, अभिनेत्री. रिटरच्या वाक्यात दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येऊ द्या, तिथे ते दोन्ही खरे आहेत.